गाडीला जागा, झोपेला बंदी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत मोटारगाडीत राहणाऱ्या माणसांना रात्री गाडी कोठे उभी करता येते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो जाहीर झाला तेव्हा काही कार्यकर्त्यांच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या देशात फुटपाथवर, पुलाखाली आणि उसाच्या फडाकडेला कोपीत लाखो माणसे रात्र काढतात, त्या देशातील समाजवाद्यांनी स्वतःची मोटार बाळगणाऱ्या माणसाची काळजी का वाहावी, हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. परंतु भांडवलशाही तिच्या ऐश्वर्याच्या शिखरावर असताना निवाऱ्याचा प्रश्न कोणते रूप घेते, हे समजून घ्यावयाचे असेल तर या गाडीत डोकावून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय तेथील मोटार हे श्रीमंतीचे लक्षण नव्हे. लॉस एंजेलिससारख्या विस्तीर्ण शहरात मोटारीवाचून कामावर पोचता येत नाही. माणसाचे घर आधी जाते, मोटार त्यानंतर. मधल्या काळात मोटार हेच घर होते.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीची जी शिरगणती केली तीत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. लॉस एंजेलिस परगण्यात २०२० च्या आरंभी झालेल्या गणतीत बेघरांची संख्या ६६,४३६ होती आणि त्यांपैकी सुमारे १९,००० माणसे मोटारी, व्हॅन आणि घरगाड्या यांत राहत होती. हे आकडे एका रात्रीचे आहेत हे ध्यानात ठेवावयास हवे. जो माणूस त्या रात्री एखाद्या मित्राच्या अंगणात गाडी लावून झोपला तो या गणतीत बहुधा आलाच नाही.

या माणसाचा दिवस इतर कामगारांसारखाच जातो. तो दुकानात माल लावतो, रुग्णालयात फरशी पुसतो, किंवा निवृत्त होऊन महिन्याच्या पेन्शनीची वाट पाहतो. फरक पडतो तो सायंकाळी. काम सुटले की त्याला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते, आणि ते दररोज नव्याने शोधावे लागते: आज गाडी कोठे उभी करावयाची? वस्तीच्या रस्त्यावर केली तर घरमालक पोलिसांना फोन करतात. निर्जन ठिकाणी केली तर चोराचिलटांचे भय. एकट्या स्त्रीच्या बाबतीत ते भय कशाचे असते हे वेगळे सांगावयास नको. महामार्गावरील सरकारी विश्रांतिस्थळी कॅलिफोर्नियात चोवीस तासांत आठ तासांपलीकडे थांबता येत नाही. वॉलमार्ट या दुकानसाखळीच्या आवारात रात्रभर गाडी उभी करू देण्याचा प्रघात जुना आहे, पण तो त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर आणि त्या त्या गावाच्या नियमांवर अवलंबून असतो, हक्क म्हणून नव्हे. मध्यवर्ती सरकारच्या ताब्यातील ओसाड जमिनीवर बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस मुक्काम चालतो. मात्र ती जमीन वाळवंटात असते आणि नोकरी शहरात. म्हणून बहुतेकजण शहरातच राहतात. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावतात, दिवा लावत नाहीत, आणि गस्तीची गाडी जवळून जाताना श्वास रोखून पडून राहतात.

आता कायद्याकडे पाहू. लॉस एंजेलिस नगरपालिकेने १९८३ मध्ये एक नियम केला. त्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर किंवा नगरपालिकेच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या वाहनाचा ‘राहण्याची जागा’ म्हणून वापर करणे हा गुन्हा ठरला. नियमातील खोच लक्षात घेण्यासारखी आहे. वाहन उभे राहण्यास हरकत नव्हती. तीच गाडी, त्याच जागी, रिकामी उभी असती तर ती वैध होती. तीत माणूस झोपला की ती अवैध होत असे. २०१० मध्ये व्हेनिस या समुद्रकाठच्या भागात पोलिसांनी या नियमाखाली विशेष मोहीम उघडली. ज्यांना दंडाच्या पावत्या मिळाल्या व अटक झाली त्यांपैकी काहींनी दावा लावला. १९ जून २०१४ रोजी अपील न्यायालयाने हा नियम रद्द केला. न्यायमूर्ती हॅरी प्रेगरसन यांनी लिहिलेल्या निकालातील युक्तिवाद साधा होता. गाडीत पांघरूण असणे, डबाबंद अन्न असणे, पुस्तके असणे यांपैकी नेमका कशामुळे माणूस गाडीत ‘राहतो’ असे ठरते? सुटीवर निघालेल्या कुटुंबाच्या गाडीतही हे सारे सामान असते. जो नियम संदिग्ध आहे तो पोलिसाला हवा त्यालाच पकडण्याची मुभा देतो, आणि तो सहलीला निघालेल्या कुटुंबाला पकडत नाही, हे उघड आहे.

नगरपालिकेने धडा घेतला, पण तो निराळाच. २०१६ च्या अखेरीस तिने संदिग्धता काढून टाकली आणि बंदी मात्र ठेवली. निवासी इमारती असलेल्या रस्त्यांवर रात्री नऊ ते सकाळी सहा गाडीत राहण्यास मनाई करण्यात आली. शाळा, पाळणाघर व उद्यान यांच्या पाचशे फुटांच्या परिसरात ही मनाई अहोरात्र लागू झाली. ज्या शहरात दर काही चौकांनंतर शाळा आहे किंवा बगीचा आहे, तेथे उरते काय? गोदामे, कारखाने आणि रेल्वेच्या कडेचे रस्ते. म्हणजे जेथे दिवे कमी आणि शौचालय एकही नाही, तेथेच कायद्याने माणसाला ढकलले. कायदेशीर जागा आणि सुरक्षित जागा यांची फारकत अशी नकाशावर आखून झाली.

गरिबाला हद्दीबाहेर ठेवण्याची ही वृत्ती तेथे नवी नाही. १९३६ मध्ये मंदीच्या काळात लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमांवर नेऊन ठेवले होते, जुनाट मोटारींत बिऱ्हाड बांधून येणाऱ्या विस्थापितांना परत पाठवण्यासाठी. पुढे १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्धनाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला. त्यानंतर गरिबाला राज्यात येता येऊ लागले. थांबता येते की नाही, हा प्रश्न शिल्लक राहिला.

या साऱ्या व्यवहारात गाडी उचलून नेणे म्हणजे काय असते, हे सिएटल शहरातील एका खटल्यावरून चांगले समजते. जवळजवळ साठीला टेकलेला एक कारागीर आपल्या मालवाहू ट्रकमध्ये राहत असे. सुतारकामाची व इतर कामांची हत्यारे त्याच ट्रकमध्ये असत. शिवाय रात्री तो एका क्रीडागारात सफाईचे काम करी. २०१६ च्या जुलैत ट्रकच्या यंत्रातून खरखर ऐकू येऊ लागली म्हणून त्याने तो नगरपालिकेच्या एका खडीच्या मैदानात लावला. बहात्तर तासांहून अधिक काळ एका जागी गाडी ठेवू नये, असा त्या शहराचा नियम. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी नोटीस लावली. आपण येथेच राहतो आणि गाडीचा भाग बदलावयाचा आहे, असे त्याने सांगितले. आठवडाभराने तो कामावर असताना ट्रक उचलून नेण्यात आला. थंडीपावसाचे दिवस सुरू झाले होते. तो माणूस उघड्यावर झोपला. ट्रकबरोबर हत्यारे गेल्यामुळे त्याचे दिवसाचे कामही बुडाले. ट्रक उचलण्याचा व ठेवण्याचा खर्च ९४६ डॉलर झाला होता. तो ५४७ डॉलरवर आणून दरमहा पन्नास डॉलरच्या हप्त्यांनी भरण्याचा हुकूम झाला. महिन्याकाठी जेमतेम चार ते सातशे डॉलर मिळवणाऱ्या माणसाला हा हुकूम होता.

या प्रकरणाचा अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचार केला तर शासनाने एका झटक्यात त्या कामगाराचे घर, त्याची उत्पादनसाधने आणि त्याची बचत अशा तिन्ही गोष्टी हिरावल्या. एखाद्या सावकारानेही इतक्या सफाईने जप्ती केली नसती. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल देताना दोन गोष्टी मान्य केल्या. शेतकऱ्याचे राहते घर कर्जापायी विकले जाऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात झालेल्या कायद्याचे संरक्षण राहत्या ट्रकलाही मिळते, ही पहिली. आणि दंड ठरवताना माणसाची ऐपत पाहिली पाहिजे, त्याच्या ऐपतीबाहेरचा दंड राज्यघटनेला मान्य नाही, ही दुसरी. मात्र गाडी उचलून नेण्याचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला नाही. विजय मोठा होता, पण त्याची मर्यादाही कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे.

हे सारे का घडते? व्यसने, मनोविकार, आळस ही कारणे वृत्तपत्रांतून नेहमी पुढे केली जातात. ती काही माणसांच्या बाबतीत खरी असतील. परंतु व्यसने साऱ्या देशात आहेत आणि गाड्यांत राहणाऱ्यांची गर्दी मात्र भाडे महाग असलेल्या शहरांतच दिसते. मध्यवर्ती किमान वेतन २००९ मध्ये ताशी सव्वासात डॉलर झाले आणि पुढे पंधरा वर्षे तेथेच खिळून राहिले. निवृत्त कामगाराची सरासरी सरकारी पेन्शन २०२४ च्या आरंभी महिन्याला सुमारे १,९०० डॉलर होती. लॉस एंजेलिसमध्ये एका शयनगृहाच्या घराचे भाडे त्याच रकमेच्या आसपास जाते. भाडे दिल्यावर जेवावयाचे कशावर, हा प्रश्न ज्याला पडतो तो जुनी व्हॅन विकत घेतो. काही तरुण हौसेने व्हॅनमध्ये राहतात, त्यांची सुबक छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि ‘मुक्त जीवना’चे गोडवे गायले जातात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्याला परत जाण्यासाठी घर आहे त्याची भटकंती आणि ज्याला ते नाही त्याची भटकंती यांना एकच नाव देणे हा शब्दांचा भ्रष्टाचार आहे.

जमिनीचा हिशेब तर याहून उद्बोधक आहे. लॉस एंजेलिसमधील निवासी जमिनीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दीर्घकाळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी राखलेला होता. तेथे चाळीसारखी इमारत बांधणेच बेकायदा. दुसरीकडे कोणतीही सदनिका, दुकान, कचेरी बांधावयाची तर अमुक इतक्या मोटारींची जागा ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सक्तीची चिकित्सा केली. वाहनतळाचा खर्च कोणी मोटारवाला वेगळा भरीत नाही. तो भाड्यात, मालाच्या किमतीत मिसळतो आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही भरावा लागतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. एका पाहणीनुसार २०१० च्या सुमारास लॉस एंजेलिस परगण्यात गाड्या उभ्या करण्याच्या १ कोटी ८६ लाख जागा होत्या. लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आतबाहेर होती. माणशी जवळजवळ दोन जागा! त्यांतील बहुसंख्य रात्री रिकाम्या पडतात. आणि त्याच परगण्यात काही हजार गाड्यांना एका रात्रीसाठी जागा मिळत नाही. टंचाई जमिनीची नव्हे, ती मालकीहक्काने निर्माण केलेली आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यांजवळ ही मोटारजागेची सक्ती उठवली, हे नोंदवले पाहिजे.

या प्रश्नाला एक बाजू अशी आहे की जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भांडवलाला श्रम हवे असतात तेव्हा गाडी उभी करण्याचा प्रश्न तत्काळ सुटतो. उत्तर डकोटा व मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरबीट काढण्याचा हंगाम असतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कडाक्याची थंडी. या कामासाठी घरगाड्यांतून फिरणारी वयस्क माणसे बोलावली जातात आणि त्यांना गाडी लावण्याची जागा, वीज, पाणी हे सारे फुकट मिळते. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००८ मध्ये आपल्या गोदामांसाठी अशीच एक योजना सुरू केली आणि सुमारे दीड दशक चालविली. नाताळापूर्वीच्या गर्दीत गाडीवासी वृद्ध कामावर घ्यावयाचे आणि हंगाम संपला की निरोप द्यावयाचा. बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड मजुरांना ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. कारखाना चालू आहे तोवर कोपीला जागा असते. पट्टा पडला की तळ उठतो. बीट असो वा ऊस, साखरेचा गोडवा एकाच रीतीने तयार होतो.

यावर उपाय म्हणून जी एक चळवळ उभी राहिली तिचा परिचय करून देणे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा या सधन गावात २००४ पासून ‘सेफ पार्किंग’ नावाचा उपक्रम चालू आहे. चर्चे, सरकारी कचेऱ्या, संस्था यांची आवारे रात्री रिकामी असतात. तेथे काही मोजक्या गाड्यांना सायंकाळपासून सकाळपर्यंत उभे राहण्याची परवानगी मिळवावयाची, शौचालयाची सोय करावयाची, आणि एका सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्याने त्यांना घर व काम शोधण्यास मदत करावयाची, अशी ही रचना. सॅन डिएगो, लॉस एंजेलिस आदी शहरांनी पुढे ती उचलली. जी स्त्री वर्षभर पुठ्ठ्याआड जागी राहिली तिला येथे पहिल्या रात्री गाढ झोप लागते. या उपक्रमाला मलमपट्टी म्हणून नाक मुरडणारा डावा विद्वान स्वतः कधी मोटारीच्या मागच्या बाकावर झोपलेला नसतो.

तरीही या तळांची दारे कोणाला उघडतात, हे विचारले पाहिजे. सामान्यतः चालू स्थितीतील गाडी, चालनपरवाना, नोंदणी आणि विमा यांची मागणी होते. म्हणजे गाडी बंद पडली, विम्याचा हप्ता थकला, दंडाच्या पावत्यांमुळे नोंदणी अडकली, की माणूस तळाबाहेर. जो सर्वांत तळाला आहे तोच अपात्र. अनेक ठिकाणी मोठ्या घरगाड्यांना प्रवेश नसतो. आणि सकाळ झाली की सर्वांनी निघावयाचे. आजारी असला तरी, रात्रपाळी करून आलेला असला तरी. रात्रपाळीच्या कामगाराला दिवसा झोपावे लागते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या मनातही आलेली दिसत नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारींविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. गटारात मैला सोडला जातो, कचरा साठतो, स्वयंपाकाच्या गॅसने गाड्यांना आगी लागतात. या गोष्टी घडतात. तक्रार करणारे सारे धनिक नसतात. वर सांगितलेल्या नियमांमुळे गाड्यांचे तांडे जेथे लोटले जातात तेथे शेजारी राहतो तोही बहुधा भाडेकरू, स्थलांतरित, कामगारच असतो. त्याला दुसऱ्या गरिबाविरुद्ध उभे करण्याचे काम नगरपालिकेने मैला टाकण्याची सोय न करून फार स्वस्तात साधले आहे. यावर कळस म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये मोडक्या घरगाड्या विकत घेऊन, रस्त्याकडेला उभ्या करून, त्या भाड्याने देणारे लोक निघाले. जमीनदार ज्याला तेथे ‘लँडलॉर्ड’ म्हणतात त्यावरून त्यांना ‘व्हॅनलॉर्ड’ असे नाव पडले. रस्ता सार्वजनिक, गाडी भंगारातली, त्यात नळ नाही, संडास नाही, आणि भाडे मात्र रोख!

आता शेवटचा न्यायनिर्णय. २०१८ मध्ये बॉइझी शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने असे म्हटले होते की, निवाऱ्यात जागा उपलब्ध नसताना उघड्यावर झोपल्याबद्दल माणसाला गुन्हेगार म्हणून शिक्षा करता येणार नाही. ऑरेगन राज्यात ग्रँट्स पास नावाचे सुमारे चाळीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथे सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपण्यास मनाई होती, आणि त्यात गाडीत झोपणेही आले. दंड २९५ डॉलर; न भरल्यास ५३७ डॉलर ६० सेंट. या नियमाला आव्हान देणाऱ्यांत व्हॅनमध्ये राहणारी एक वृद्ध स्त्री होती. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. असा दंड ही घटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. महिना उलटण्यापूर्वीच कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी बेघरांचे तळ हटवण्याचा आदेश काढला. गव्हर्नर उदारमतवादी समजल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे, हे विसरता कामा नये.

मुंबईच्या जुन्या कार्यकर्त्यांना येथे एका दुसऱ्या निकालाची आठवण होईल. १९८१ च्या भर पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना शहराबाहेर घालवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध ओल्गा टेलिस आणि इतरांनी केलेल्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, आणि फुटपाथवर राहणारा तेथे राहतो तो काम जवळ असते म्हणून, हे न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या घटनापीठाने स्पष्टपणे मान्य केले. अमेरिकेच्या न्यायालयाने २०२४ मध्येही इतके मान्य केले नाही. आणि तरीही त्याच निकालात, फुटपाथ चालण्यासाठी आहे, योग्य ती नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, असेही म्हटले होते. पावसाळा पाहून न्यायालयाने मुदत दिली, ती ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत.

ग्रँट्स पासच्या त्या स्त्रीला तेवढीही मुदत नव्हती. ती गावाच्या हद्दीबाहेर जाऊन व्हॅन उभी करी, आणि तेथूनही हलावे लागले तर पुन्हा दुसरीकडे. सिएटलच्या कारागिराच्या खटल्याने निदान एक मागणी कार्यकर्त्यांच्या हाती दिली आहे: दंडाआधी ऐपत पाहा, आणि ज्या गाडीत माणूस राहतो ती जप्त करण्याआधी ती उभी करण्याची जागा दाखवा. ही मागणी घेऊन तेथील भाडेकरूंच्या संघटना आणि गाडीवासीयांचे वकील आता एकेका नगरपालिकेच्या दारात जात आहेत. परगण्यातील त्या एक कोटी शहाऐंशी लाख जागांपैकी काही हजार जागांपुरतीच ती मागणी आहे, आणि तीही सकाळी सहापर्यंत नव्हे, माणसाची झोप पुरी होईपर्यंत.